चौथ्या दिवशीची सुट्टी

बाईंना विचारा

तरणा पाऊस लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो. एरवी अभ्यास, हट्ट, जेवण, शाळेचं माध्यम असं काय काय असतं. आषाढात मात्र सगळ्यांचं म्हणणं एकच: पाऊस बाहेर, पोरं घरात, आणि आम्ही मधे. ह्या खेपेला सहा पत्रं घेतली आहेत. मी स्वतः ३१ वर्षं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पहिली-दुसरीच्या वर्गावर काढली. त्यातली बरीच गळक्या कौलांखाली, चाळीस पोरं एका कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसवून. जे सांगते ते त्या कोपऱ्यात शिकलेलं.

प्रश्न : बाई, आम्ही जांबोटी भागात राहतो. थोरला मुलगा आठ वर्षांचा, धाकटा पाच. पाऊस वाढला की शाळेला सुट्टी पडते, कधी सलग चार-चार दिवस. पहिले दोन दिवस मजेत जातात. तिसऱ्या दिवसापासून मारामाऱ्या, आणि मोबाइल समोर धरल्याशिवाय घास जात नाही. मोबाइलवरच बघून रंगीत कागदाच्या वस्तू केल्या, त्या वीस मिनिटांत संपल्या. रोज नवीन आणायचं तरी काय? — एक आई

ताई, वीस मिनिटांत संपल्या, कारण त्या केल्या तुम्ही. पोरांनी फक्त डिंक लावला असणार. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात माझंही हेच झालं. बेळगावातून घोटीव कागदाचे गठ्ठे नेले, रात्री जागून बेडूक आणि छत्र्या कापून ठेवल्या. दहा वाजता वाटल्या. साडेदहाला पोरं परत खिडकीच्या गजांना लोंबकळत पागोळ्यांखाली हात धरून उभी. एका कार्ट्याने माझी कागदी छत्री पागोळीखाली धरली आणि "बाई, रंग गेला!" म्हणून बोंब ठोकली. सगळा वर्ग धावला. मग कुठला कागद किती रंग सोडतो हे आम्ही दुपारच्या सुट्टीपर्यंत बघत बसलो. माझ्या बेडकांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

तुमच्या दारात चार दिवस न संपणारी वस्तू आपणहून पडते आहे. पोरांना ती मोजायला बसवा.

पाण्याची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, शक्यतो सरळ अंगाची, मधे कंबर बारीक नसलेली. जिथे खांदा उतरायला लागतो तिथे तुम्ही स्वतः कापा, कात्री पोरांच्या हातात नको. वरचा भाग उलटा करून त्याच बाटलीत बसवला की नरसाळं झालं. बाटलीचा तळ खालून वाकडातिकडा असतो, म्हणून आत चार खडे टाका आणि अंग सरळ होतं तिथपर्यंत पाणी भरा. ती रेघ म्हणजे शून्य. तिथून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा करा, वर चिकटपट्टी लावा, नाहीतर शाई एका सरीत जाते. बाटली अंगणात उघड्यावर ठेवायची. झाडाखाली नको, पागोळीखाली तर अजिबात नको. चहूबाजूंनी विटा लावा. तुमच्याकडचा वारा मला माहीत आहे.

रोज सकाळी साडेआठला मोजायचं. साडेआठच का? हवामान खातंही साडेआठलाच मोजतं. एवढं सांगितलं की थोरल्याला आपण सरकारी कामावर आहोत असं वाटायला लागतं. तुमच्या भागात बाटली एका रात्रीत भरून वाहायचीही शक्यता आहे, तेव्हा संध्याकाळीही एकदा मोजा, पाणी परत शून्याच्या रेघेवर आणा, आणि सकाळी दोन्ही आकड्यांची बेरीज. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. हे तीन आकडे कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. मग सुट्टी जाहीर व्हायच्या आधी तुमचा थोरलाच ती जाहीर करतो की नाही बघा.

आता ह्यात गंमत कशी भरायची ते सांगते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमचं छप्पर दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद धरलं तर ५० चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की त्या छपरावरून पाच हजार लिटर पाणी ओघळून गेलं, हजार लिटरच्या पाच टाक्या. तिसरीतल्या पोराला हा गुणाकार येतो. धाकट्याला आकडे जमत नसतील तर त्याने चित्र काढायचं, दर दहा मिलिमीटरला एक थेंब. एकच वही, डाव्या पानावर दादाचे आकडे, उजव्या पानावर भाऊचे थेंब. भांडणं थांबतील असं मी म्हणत नाही. निदान आज किती झाला ह्यावरून होतील.

कॅलेंडरवर नक्षत्रं असतात ती वहीत लिहायला लावा. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. तरणा जोरात पडतो की म्हातारा, ह्यावर आपल्याकडच्या कट्ट्यांवर कैक पिढ्या वाद झाले, पण वही ठेवून निकाल कुणी लावला नाही. घरात आजोबा असतील तर त्यांना आधी पैज लावायला सांगा. दोन्ही नक्षत्रांची बेरीज ऑगस्टच्या सुरुवातीला हाती येते. म्हणजे खेळ तीन दिवसांचा नाही, महिनाभराचा झाला.

हे सगळं करून दिवसातला तास-दीड तास जातो. बाकीचा? बाकीच्या वेळात थोडं कंटाळू दे की. कंटाळलेलं पोर अर्धा तास पायात पायात येतं, मग कुठेतरी जाऊन काहीतरी उकरून काढतं. तो अर्धा तास आपल्याला सोसत नाही आणि आपण मोबाइल काढून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराहून जास्त पडदा नको, कमी तितका बरा. तुमचा धाकटा त्यातून आत्ताच सुटला आहे, पण जेवताना पडदा मला कुठल्याच वयाला पटत नाही. आमच्या घरी नातवंडं आली की जेवणाच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल तांदळाच्या डब्यात जातात. माझाही.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा, टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. नातवंडं बेंगळूरहून आली आहेत, दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. बाहेर झड लागलेली. त्यांचं मराठी थोडं, माझं इंग्रजी थोडं, दोघांची कानडी उत्तम. कॅरम आहे, पण सोंगटी फटकावताना माझी बोटं दुखतात. तिघांना जमेल असं काही आहे का? — एक आजोबा

काका, आहे आणि तुम्हाला ते येतं. लहानपणी सोप्यात खडूने पट आखून चौकाबारा खेळला असालच. पट आखा. पाच आडवी, पाच उभी, पंचवीस घरं. चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली.

पण पटापेक्षाही दानं करण्यात जास्त मजा आहे, तेव्हा विकतच्या कवड्या आणू नका. स्वयंपाकघरातून चार चिंचोके मागून घ्या, सपाट आणि मोठे बघून. बाल्कनीच्या खरबरीत फरशीवर थोडं पाणी टाकून एका बाजूने घासायचे. आधी तपकिरी साल जाते, मग पिवळसर पट्टा दिसतो, मग हळूहळू आतली पांढरी बाजू वर येते. एक चिंचोका नीट व्हायला दहा मिनिटं सहज लागतात. बोटं गरम होतात, वास येतो, सात वर्षांचा पोरगा दर मिनिटाला उलटून बघतो. घासताना पार टोकाला जाऊ देऊ नका, नाहीतर डाळ सुटते तसे दोन तुकडे होतात. माझे निम्मे असेच जायचे.

चार चिंचोके टाकले की जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकी घरं. चारही पांढऱ्या म्हणजे चौका, चारही काळ्या म्हणजे आठ. ह्या दोन्हीला परत दान. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, बांगडीचे तुकडे नकोत, शर्टाची बटणं घ्या. बाहेरची फेरी घड्याळाच्या उलट, आतली घड्याळासारखी, शेवटी मधलं घर. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही, आणि फुलीच्या घरात बसलेल्याला मारायचं नाही. घराघराचे नियम वेगळे असतात, तेव्हा पहिल्या डावाआधी ठरवून घ्या. नाहीतर तुमच्या शहापूरच्या मामांचे नियम आणि तुमच्या बायकोच्या धारवाडच्या माहेरचे नियम ह्यांचीच लढाई व्हायची. आमच्या गल्लीत कानडी आजी यायच्या, त्या "ओंदु, एरडु, मूरु" करत सोंगटी सरकवायच्या, मी एक, दोन, तीन करायची. डाव कुठे अडला नाही.

दहा वर्षांच्या मुलीला आणखी एक काम द्या. शंभर वेळा दान टाकून लिहायला सांगा, एक किती वेळा पडला, दोन किती, चौका किती. चार चिंचोके पडायच्या सगळ्या मिळून सोळा तऱ्हा. त्यातल्या सहा तऱ्हांनी दोन पडतात, चौका एकाच तऱ्हेने, आठही एकाच. पण तुमचे चिंचोके एका बाजूने घासलेले, तेव्हा तिचा हिशेब बरोबर सोळाचा येणार नाही. का येत नाही हे तिला शोधू दे. चौका पडला की लोक ओरडतात का, हेही तिला तिथेच कळतं.

एक मात्र जिवावर बेतल्यागत सांगते. माझ्या भाच्याने, तेव्हा तो अडीच वर्षांचा, आमच्या खेळातला चिंचोका नाकात घातला. चिंचोका ओलाव्याने फुगतो. भर पावसात त्याला दवाखान्यात नेला, तो निघेपर्यंत माझी बहीण माझ्याशी बोलत नव्हती. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल येणार असेल तर चिंचोके, गजगे, बटणं सगळं मोजून डब्यात.

प्रश्न : तीन वर्षांची मुलगी पाऊस असला की दिवसभर गादीवर उड्या मारते. थांबवू कशी? — वडगाव

थांबवू नका. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तीन तास हालचाल हवी, त्यातली तासभर चांगली धाप लागेल अशी. हेही त्याच जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं. गादी खाली जमिनीवर टाका, खिडकी आणि कपाटाचा कोपरा दूर ठेवा, आणि जेवून अर्धा तास झाल्याशिवाय उडी नाही एवढा एकच नियम करा.

प्रश्न : आमच्याकडे नट्टी (भाताची लावणी) चालू आहे. मी आणि मालक सकाळी शेतात जातो, मुलं (सहा आणि नऊ) सासूबाईंजवळ असतात. ती पावसातून चिखल भरून येतात, सोपा घाण करतात, सासूबाई ओरडतात. त्यांना घरात कसं बसवायचं? — येळ्ळूर

राजहंसगड ढगात गेला की तुमच्याकडे चिखलाशिवाय दुसरं असतं काय? त्याला अडवत बसण्यापेक्षा सोप्यात एक जागा करून द्या. सोप्याच्या एका कोपऱ्यात जुनं पोतं अंथरा, वर एक पाट ठेवा. माती फक्त पोत्यावर. पोत्याच्या बाहेर गेली तर ज्याने सांडली त्याने पुसायची. सासूबाईंना हे ठरवताना बरोबर घ्या, नाहीतर नियम तुमचा आणि ओरडणं त्यांचं असं होतं.

आपल्या भागात मातीच्या बैलांचं वेड ज्येष्ठात असतं. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, त्यानंतर पंधरा दिवसांनी अमावास्येला कानडी शेजाऱ्यांची मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीच्या बैलांचीच. ती झाली असेल तर असू दे, पोरांना बैल करायला मुहूर्त लागत नाही. श्रावणात पंचमीचा नाग आहे, भाद्रपदात गणपतीचा उंदीर आहे. हात आत्तापासून बसू दे.

शेताच्या बांधावरची चिकण माती आणून आधी खडे आणि मुळं वेचायला लावा. हे काम सहा वर्षांच्याचं, आणि त्याला ते आवडतं. मग माती भिजवून ओल्या फडक्यात रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी मळताना चिमूटभर कापूस पिंजून घातला की सुकताना चिरा कमी पडतात. पोरांचा पहिला बैल पुढच्या पायांवर बसतोच. पाय बारीक करतात म्हणून. तुम्ही सांगू नका, दुसऱ्या बैलाला ते आपणच खांब लावल्यासारखे जाड पाय लावतात. शिंगं आणि शेपूट वेगळी करून चिकटवायची असतील तर दोन्हीकडे काडीने ओरखडे काढायचे आणि पातळ चिखल लावून दाबायचं. नुसतं चिकटवलेलं शिंग सुकलं की गळून पडतं, मग रडारड.

सुकवायचं सावलीत. ह्या हवेत चार-पाच दिवस लागतील आणि पोरांना दम निघणार नाही. चुलीशेजारी ठेवायचा मोह होतो, पण वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि रात्री टचकन फुटतो. रोज सकाळी सगळा कळप एकेक करून फिरवायचा, हे कामही त्यांचंच. रंगाला काव, हळद, कोळसा. डोळ्यांना गुंजा लावायची जुनी रीत आहे. दिसतात सुरेख, पण गुंज विषारी. मिरीचे दाणे लावा.

आपली खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्था खानापुरातच आहे. पाऊस उघडला की एखादा चाक फिरवणारा कुंभार पोरांना दाखवून आणा. आपला बैल बसला का, हे त्यालाच विचारू दे.

शेतातल्या साचलेल्या पाण्यात मात्र पायाला जखम असताना त्यांना जाऊ देऊ नका. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. तुमच्याही पायाला चिरा असतील, स्वतःकडेही बघा.

प्रश्न : निपाणीत दोन खोल्यांत राहतो. मी घरी विड्या वळते. पावसात दारं-खिडक्या बंद, मुलगी सहा वर्षांची, दिवसभर माझ्याजवळ. ती पानं कातरायला मागते, कधी दोरा गुंडाळून देते. तिचा वेळ जातो आणि माझे हजार लवकर भरतात. शेजारीण म्हणते चुकतंय. चुकतंय का? — एक आई

चुकतंय, ताई. शेजारीण बरोबर बोलली. पण तुम्ही विचारलंत म्हणजे तुमच्याही मनात ते होतंच.

तंबाखूची धूळ बंद खोलीत अंगावर, ताटावर, पोरांच्या छातीत जाऊन बसते. ओल्या हातांना तंबाखू लागला की त्यातलं निकोटिन कातडीतून आत शिरतं, आणि पावसात हात कोरडे असतात कधी? मोठ्या माणसाला मळमळतं, सहा वर्षांच्या अंगाला किती होत असेल. चौदा वर्षांच्या आतल्या मुलांना विडीकामाला लावायला कायद्यानेही मनाई आहे. तंबाखूचं सूप तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, लागेल तेवढाच तंबाखू सुपात, बाकीचा झाकणाच्या डब्यात. वारा ज्या बाजूने येत नाही ती खिडकी तरी चार बोटं उघडी. उठून तिला भरवायच्या आधी साबणाने हात. हे सगळं तुम्हाला कुणीतरी आधीच सांगितलं असणार. तरी परत सांगितलं.

पण तिला हवंय काय ते बघा. तुमची बोटं कातरतात, गुंडाळतात, बांधतात, आणि समोर ढीग वाढत जातो. तिला तेच करायचं आहे. तेव्हा तिला भरलेलं चित्रांचं पुस्तक देऊन भागणार नाही, गुंडाळायचंच काही द्यायला हवं.

कागदाचे मणी. जुन्या कॅलेंडरची जाड, रंगीत पानं घ्या. लांबट त्रिकोणी पट्ट्या कापायच्या, एका टोकाला बोटाएवढ्या रुंद, दुसरीकडे निमुळत्या, लांबी वीतभर. बोथट कात्री तिला चालेल. रुंद टोकाकडून काडेपेटीच्या काडीवर गच्च गुंडाळत जायचं, शेवटच्या टोकाला खळ लावून दाबायचं, काडी काढून घ्यायची. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळता मणी तयार. काडीचं गुलाचं डोकं आधी मोडून टाका. खळ घरचीच, दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत शिजवायचा. माझी आई खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायची. तुम्ही घालू नका, ते विष. दोन दिवसांनी खळ आंबली तर टाकून नवी करायची.

तुमचा बंडल जसा मोजून बांधता तशी तिची माळ पंचवीस मण्यांची. पंचवीस झाले की दोऱ्याची गाठ, मग दुसरी माळ. तुमच्यासमोर बसून ती तुमच्यासारखंच वळते आहे, फक्त तिच्या सुपात कॅलेंडर आहे. पहिले मणी सैल होतील. तुमचंही पहिल्या आठवड्यात किती छाट (बाद विड्या) निघालं होतं ते तिला सांगा. हजार उशिरा भरतील हे मला कळतं, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

प्रश्न : आमचं गाव चिकोडी तालुक्यात कृष्णेच्या काठावर. पाऊस आमच्याकडे जेमतेम भुरभुर, पण २०१९ ला नदी घरात आली, २०२१ ला परत आली. २०१९ ला आठ-दहा दिवस शाळेतल्या गंजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या छावणीत) होतो. पोरांनी त्या हॉलमध्ये उच्छाद मांडला होता, मोठी माणसं आधीच रडकुंडीला आलेली. परत पाणी आलं तर पोरांसाठी काय तयारी ठेवावी? — एक शिक्षक

सर, २०१९ च्या ऑगस्टात मीही अशाच एका केंद्रावर रोज जाऊन बसत होते. त्यामुळे तुमचा हॉल मला डोळ्यांसमोर दिसतो आहे. ओल्या चादरी, एका कोपऱ्यात भाताचा हंडा, आणि त्या सगळ्यातून धावणारी पोरं.

पहिल्या दिवशी मी गोष्टी सांगायला लागले. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्यांनी आपणच खेळ काढला होता, पूर-पूर. चादर म्हणजे होडी, बाक म्हणजे माळवद, दोघं पाण्यात अडकलेले आणि चौघं ओढून नेणारे. मोठी माणसं चिडली, असले अभद्र खेळ खेळू नका म्हणाली. मी खेळू दिला. त्यात एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. होडीत माणसं भरून झाली की ती दर डावाला परत फिरायची आणि एक म्हैस घेऊन यायची. म्हैस म्हणजे तिची दप्तराची पिशवी. तिसऱ्या दिवशी तिची आजी मला म्हणाली, आमची म्हैस दावं कापून सोडून दिली, कुठं गेली कळलं नाही. ती पोर दिवसातून दहादा ती म्हैस वाचवत होती. तो खेळ कुणी बंद केला असता तर तिने ती कुठे वाचवायची? तेव्हा एवढं बघा: कुणाला लागणार नाही, कुणाला जबरदस्तीने बुडवणार नाहीत. बाकी खेळू दे.

दुसरं, त्यांना कामं द्या. आठ वर्षांच्या वरच्यांनी ताटं वाटायची, पिण्याच्या पाण्याच्या घागरीवर राखण करायची, आणि रोज एका मोठ्या माणसाबरोबर जाऊन नदीच्या पाण्याची खूण बघून यायची. दाराजवळ भिंतीवर खडूने लिहायचं, काल कितव्या पायरीवर होतं, आज कितव्या. पाणी उतरतंय हे मोठ्यांना आधी त्या भिंतीवर दिसलं.

तिसरं, पोरं सारखी विचारायची, पाऊस नाही मग पाणी कुठलं? मी फळ्यावर नदी काढली. वर महाबळेश्वर, तिथून कृष्णा निघाली. कऱ्हाडला कोयना येऊन मिळाली, सांगलीजवळ वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, आणि खाली आपल्याकडे दूधगंगा. महाबळेश्वराला पाऊस कोसळला की ते पाणी ह्या सगळ्यांना घेऊन आपल्या दारात येतं, आपल्या अंगणातली बाटली कोरडी असली तरी. दुसऱ्या दिवशी एका पोराने त्या नद्या हॉलच्या फरशीवर दोरीने मांडल्या. मग प्रत्येक नदीला एकेक पोरगं, सगळी धावत येऊन वाडीच्या बाकापाशी एकमेकांवर आदळायची. आदळलं की गर्दी, गर्दी झाली की पूर. एवढं समजवायला मला वर्गात दोन तास लागले असते.

पिशवी आत्ताच भरून माळ्यावर ठेवा. एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर पक्क्या शाईने आखलेला चौकाबाऱ्याचा पट, आठ-दहा घासलेले चिंचोके, पत्त्यांचे दोन कॅट, वीस हात सुताची दोरी, पाठकोरे कागद, पेन्सिली. पत्त्यांत बदाम सात सगळ्यांना जमतं. थोडी मोठी पोरं असतील तर पाच-तीन-दोन, त्याला तिघं आणि तीस पानं लागतात. आणि खडू. ते प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, तोंड दोऱ्याने बांधून ठेवा. त्या वर्षी आमच्या केंद्रात फळ्यावर उमटेल असा खडू अख्ख्या शाळेत एकच निघाला होता.